हजारी मॅडमची भीती

हजारी मॅडमना टिंबाची भीती वाटायची. साप, विंचू, कडाडणारी वीज, बसस्टँडवरची कुत्री यांचीही वाटायची, पण ती तुम्हाआम्हालाही वाटते. दोन आकड्यांच्या मधे बसलेलं दशांश टिंब दिसलं की मात्र त्यांच्या कपाळावर खरोखरचा घाम यायचा, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. साडेअडतीस डिग्री असं त्या कधी म्हणाल्याच नाहीत. अडतीस हजार पाचशे म्हणायच्या. मला एकदा कामावर ताप भरला. कपाळाला हात लावून त्या म्हणाल्या, "शीला, एकोणचाळीस हजार तरी असेल. घरी जा बरं." बाजूचा झेरॉक्सवाला मशीन सोडून डोकावायला आला, की ही पोरगी आहे की भट्टी.

म्हणून त्या हजारी मॅडम. हे नाव मीच पाडलं आणि सगळ्यांनी उचललं. त्यांनीही कधी राग धरला नाही. मी डबा उघडून विचारायची, "मॅडम, अर्धी भाकर देऊ की पाचशे सहस्रांश?" त्या गंभीरपणे म्हणायच्या, "पाचशे दे." आता अशा माणसाला चिडवण्यात तरी काय मजा! पण मी चिडवायची. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

यवतमाळच्या बसस्टँडमागे आमचं वर्कशॉप होतं. मालक आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, मग बाजार समितीतले इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करू लागले, आणि पुढे त्यांच्या डोक्यात जिनिंगसाठी आगीची सूचना देणारा डबा बनवायचं आलं. जिनिंग म्हणजे जिथे कापसातून सरकी वेगळी करतात तो कारखाना, आणि तिथे आगीचं भय बाराही महिने. डबा साधा होता. एक लांब सळई कापसाच्या गंजीत खुपसायची, सळईच्या टोकाला तापमान कळायचं, ते डब्याच्या छोट्या पडद्यावर दिसायचं. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा. गंजी तापली तर लाल दिवा आणि भोंगा. डब्याच्या आत नखाएवढी चिप, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. तिचे प्रोग्राम मॅडम लिहायच्या आणि डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम माझ्याकडे.

मॅडम दारव्ह्याच्या पुढच्या एका तांड्यावरच्या. इंजिनिअरिंग शिकल्या, पुण्याची नोकरी चालून आली होती, पण त्यांची याडी, म्हणजे आई, तांडा सोडायला तयार नव्हती, म्हणून त्या इथेच राहिल्या. आमचं घर पाटीपुऱ्यात. माझी आई बोरी अरबच्या पुढच्या जिनिंगमध्ये कापूस वाहायला जायची. सकाळच्या एसटीने जायची, दिवसभर गंजीवरून टोपल्या भरून रेच्यापर्यंत, म्हणजे सरकी काढायच्या मशीनपर्यंत न्यायची, आणि परत आली की तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. बाप लवकर गेलेला. आई होती म्हणून मी आयटीआय शिकले आणि माझ्या हातात डाग द्यायची तापती कावी आली. मला दुसरं कोणी नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

टिंबाची भीती कसली, हे मी एकदा चहा पिताना विचारलं. मला वाटलं होतं, शाळेत मास्तरांनी हाणलं असेल. मॅडमनी कप हातात तसाच धरला आणि म्हणाल्या, "ही आपली चिप स्वस्तातली आहे. हिला पूर्ण आकड्यांची गणितं येतात. टिंबाची येत नाहीत. मोठ्या कॉम्प्युटरच्या चिपमध्ये त्यासाठी वेगळा भाग असतो, हिच्यात तो नाहीच."

"मग टिंबाचं गणित आलं तर काय करते?"

"वरचा साधा प्रोग्राम असेल तर तो अडतो, आणि खाली कर्नलला सांगतो, बाबा, हे मला जमत नाही, तू करून दे." कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला सगळ्यात खालचा प्रोग्राम, बाकीचे सगळे त्याच्या जिवावर चालतात, हे मला तोवर ऐकून ऐकून माहीत झालं होतं. "कर्नल ते पूर्ण आकड्यांत मोडून, हळूहळू, करून देतो. पण कर्नलच्या स्वतःच्या कामात टिंब आलं तर? तो कोणाला सांगेल?"

"कोणाला?"

"कोणालाच नाही. त्याच्या खाली कोणी नसतं गं." आणि त्यांनी चहा न पिताच कप खाली ठेवला. आमच्या डब्यात गंजीचं तापमान घेणं, धोका ठरवणं, भोंगा वाजवणं हे सगळं कर्नलमध्येच चालायचं, कारण तिथलं काम कोणी मधे अडवत नाही. म्हणून त्या सगळंच हजारपटीत मोजायच्या. एक डिग्री म्हणजे एक हजार. गणित तेच, टिंब गायब.

"आणि चुकून राहिलंच एखादं?" मी विचारलं.

"तर तो तिथल्या तिथे मरतो. ओरडत नाही. पडद्यावर जो आकडा होता तो तसाच राहतो, जो दिवा लागला होता तो लागलेलाच राहतो." मी हसायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं.

एवढी भित्री बाई मी आयुष्यात पाहिली नाही. संध्याकाळी वर्कशॉप बंद करताना मी सगळ्या काव्यांची बटणं बंद करायची. मॅडम पुन्हा एकेका कावीजवळ जाऊन तिला उलटा हात लावायच्या. मी कंटाळायची. म्हणायची, "अहो, बंद केली ना मी! तुमची बस चुकते आता." त्यांचं ठरलेलं उत्तर, "बंद आहे हे बटण सांगतं. गार आहे हे हात सांगतो." असं करता करता दोनदा हात भाजून घेतला, कारण कावी बंद होती पण गार झाली नव्हती. मी नारळाचं तेल लावत त्यांना बोलायची आणि त्या मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. लोक म्हणतात, नीट काम कर, मन लावून काम कर. मॅडम म्हणायच्या, "शीला, घाबरून काम कर."

ही भीती त्यांना लहानपणीच चिकटली होती. भाव वाढेल या आशेवर तांड्यावर कापूस घरातच भरून ठेवायचे. माणसं अंगणात झोपायची आणि कापूस घरात. एका दुपारी त्यांच्या घराला आग लागली. कुठून लागली, कोणाला कळलं नाही. मॅडम म्हणाल्या, "सकाळपासून घरातच होतो गं आम्ही. कापूस पांढराशुभ्र होता. मी त्याला टेकून अभ्यास करत होते. पाठीला ऊब लागत होती, छान वाटत होतं." माणसं वाचली. आत बांधलेली शेळी गेली. त्या शेळीचं नावही त्यांनी मला सांगितलं होतं, आणि सांगताना डोळ्यांत पाणी आलं होतं. पाठीला ऊब लागत होती, छान वाटत होतं, हे वाक्य मला आजही ऐकवत नाही.

बोरी अरबच्या जिनिंगमध्ये पहिला डबा बसवायला आम्ही दोघी गेलो. बायांनी आमच्याकडे असं बघितलं की विचारू नका. त्यांना वाटलं, जिनिंगच्या मालकाने आपल्यावर नजर ठेवायला यंत्र आणलं. एका बाईने तर दिव्यावर पदराचं फडकंच टाकलं. माझी आई कमरेवर हात ठेवून मॅडमसमोर उभी राहिली. मला ओळख दाखवायलाही तयार नव्हती.

"काहून वं पोरी, हा डब्बा आमी किती येळ बसलो ते मोजते काय?"

मॅडम घाबरल्या, अर्थात. पण म्हणाल्या, "नाही मावशी. हा डबा तुमच्यासाठी घाबरतो. तुम्ही टोपल्या वाहा. घाबरायचं काम त्याचं."

आईने स्वतःच्या हाताने ते फडकं काढलं आणि म्हणाली, "घाबरते तं घाबरू द्या बापा. आमाले तं येळ नाई." त्या दिवशी आईच्या डब्यातला ठेचा खाऊन मॅडमच्या नाकातून पाणी वाहिलं, आणि तेव्हापासून आई त्यांना 'माही भित्री पोरगी' म्हणायला लागली. मी नुसती पोरगी. मला थोडं लागलंच म्हणा.

मग ते वर्ष आलं. कापसाची वर्षं तेव्हा एकामागून एक वाईटच चालली होती, पण हे जास्तच. बोंडात अळी, वेचणीला मजूर नाहीत, आणि दिवाळीनंतर अवकाळी पाऊस. लोकांच्या घरात ठेवलेला कापूसही ओलसर झाला. धीर कोणालाच नव्हता, ज्याने त्याने होता तसा आणून जिनिंगमध्ये टाकला. पिवळा, किडका कवडी, ओला, सगळा एकाच गंजीत. ओला कापूस दाबून ठेवला की आतल्या आत तापतो. गंज्या शेडच्या पत्र्याला टेकल्या आणि जिनिंगवाले मालकांना फोन करू लागले, की तुमचा तो डबा अजून पाहिजे, आणि चांगला पाहिजे. गंजी तापली एवढंच नको, किती वेगाने तापते तेही कळलं पाहिजे.

तो वेगाचा हिशोब मॅडम लिहायला बसल्या आणि तेवढ्यात त्यांच्या याडीच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. हिशोबाची रीत बरोबर आहे का हे बघायला त्यांनी एक कच्ची ओळ टिंबासह लिहून ठेवली होती. नंतर ती हजारपटीत बदलायची, असं ठरवून. आयुष्यात त्यांनी कर्नलच्या कामात लिहिलेलं ते एकच टिंब. सरकारी दवाखान्यातून निरोप आला, आणि त्या उठून गेल्या.

मालकांना घाई. त्यांनी तोच प्रोग्राम घेतला आणि डब्यात भरायला कॉम्प्युटरकडून बांधून, म्हणजे चिपच्या भाषेत करून घेऊ लागले. कॉम्प्युटर बांधेना. टिंबाच्या ओळीवर बोट ठेवून नाही म्हणत होता, म्हणजे तो आपलं काम चोख करत होता बिचारा. मालकांनी नागपूरच्या कोण्या ओळखीच्या पोराला फोन लावला. त्याने सांगितलं, अमुक एक सेटिंग बदला, मग तक्रार करणार नाही. खरंच केली नाही. मालक मला म्हणाले, "पाह्य, मशीन नाटक करून राह्यलं होतं." आम्ही डबा लावून पाहिला. एकतीस हजार आणि वर काहीतरी, हिरवा दिवा. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः जाऊन बोरी अरबला तो बसवून आले. जुना काढून आणला.

मॅडम आठवडाभराने आल्या. याडी बरी होती, त्यांचा चेहरा उतरलेला पण शांत होता. कॉम्प्युटर उघडून बसल्या. मी पाठमोरी काम करत होते. मला त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "शीला, हे बांधलं कोणी?"

मी वळून पाहिलं. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. मी सांगितलं, मालकांनी. नवीन डबा बोरी अरबला लागला, व्यवस्थित चालू आहे.

"चालूच राहील," त्या म्हणाल्या. "थंड आहे तोवर ही ओळ लागतच नाही. पंचेचाळीस हजाराच्या वर गेलं की मगच वेगाचा हिशोब लागतो."

मला नीट कळलं नाही. त्यांनी समजावलंही नाही. तसाच दुसरा एक डबा वर्कशॉपात तयार होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला, सळई पातेल्यात उभी केली आणि मला म्हणाल्या, चहाच्या शेगडीवर पाणी ठेव. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. पडद्यावरचा आकडा चढू लागला. चौतीस हजार, अडतीस हजार, बेचाळीस हजार. शेवटचे आकडे सारखे थरथरत होते, हजारपटीत मोजल्यावर ते थरथरतातच, हवा हलली तरी बदलतात. पंचेचाळीस हजार तीन. आणि तो आकडा थांबला.

पाण्यातून वाफ निघाली. मग बुडबुडे आले. पाणी खळखळ उकळायला लागलं. पडद्यावर पंचेचाळीस हजार तीन. लाल दिवा लागला नाही, भोंगा वाजला नाही. हिरवा दिवा छान लागलेला.

मला काहीही समजावून सांगायची गरज राहिली नाही. आई त्या वेळी गंजीवर होती.

जिनिंगला फोन लावला. वाजत राहिला. रेच्यांच्या आवाजात तिथे फोन कोणाला ऐकू येतो! मालक दुकानाच्या दारात उभे होते, म्हणाले, "काई होत नाई मॅडम. ऐन सीझन हाये. आज डब्बा काढला तं ते लोक आपल्याले उभं करनार नाईत. उद्या सकाळी चुपचाप बदलून देऊ." मी काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मॅडम मालकांशी बोलल्याच नाहीत. त्यांनी पर्स उचलली आणि मला म्हणाल्या, "गाडी काढ."

माझी जुनी लूना होती. मॅडम तिच्यावर कधी बसत नसत, भीती वाटायची ना. त्या दिवशी मागे बसल्या, माझ्या कुर्त्याला दोन्ही मुठींनी धरलं आणि दारव्हा रोडला लागल्यावर सारख्या म्हणत राहिल्या, "जोरात. अजून जोरात." समोरून कापसाच्या गाड्या येत होत्या, बांधलेल्या बोऱ्यांतून कापूस उडून आमच्या तोंडावर बसत होता. लांब शेतात कोणी कापसाची वाळकी पराटी पेटवली होती. तिचा धूर दिसत होता. नाही, तिकडे नाही, जिनिंग पुढे आहे, असं मी मोठ्याने बोलत होते. मी रडत होते हे मला उतरल्यावर कळलं.

जिनिंगच्या फाटकातून आत शिरलो आणि पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. सगळं रोजच्यासारखं चालू होतं. रेचे घडघडत होते, बाया टोपल्या घेऊन ये-जा करत होत्या, गंजी पांढरी, उंच, पत्र्याला टेकलेली. शेडच्या खांबावर डबा, डब्यावर हिरवा दिवा. मी मॅडमना म्हटलं, "बरं आहे हो सगळं. आहे सगळं बरं."

मॅडम डब्याजवळ गेल्या आणि थांबल्या. मीही गेले. पडद्यावर पंचेचाळीस हजार आठ होतं.

आम्ही शेवटच्या आकड्याकडे बघत राहिलो. आठ. तो थरथरत नव्हता. मॅडमनी डब्यावर थाप मारली. आठच. मला अजूनही झोपेत तो आठ दिसतो. पंचेचाळीस हजार आठ हे आत्ताचे नव्हते. कधीचे होते? घटकेपूर्वीचे की सकाळचे? गंजी आता किती तापली होती, हे सांगायला जगात कोणीही नव्हतं. घाबरायचं काम ज्याला दिलं होतं, तो केव्हाच मरून पडला होता आणि बाया त्याच्या हिरव्या दिव्याखालून निवांत चालल्या होत्या.

मॅडम मुकादमाकडे धावल्या. "बाया खाली उतरवा! गंजी रिकामी करा, सगळ्यांना बाहेर काढा!"

मुकादम वैतागला. "बाई, डब्बा तुमचा, दिवा तुमचा, अन् हिरवा हाये. मंग कायले बोंबलून राह्यल्या?"

"तो दिवा खोटा आहे!" मॅडम किंचाळल्या. त्यांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मुकादम काही बोलायच्या आत त्या गंजीजवळ गेल्या, गुडघे टेकले आणि बांगड्यांसकट हात कापसात खांद्यापर्यंत घातला. काही क्षण तशाच राहिल्या. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. हात बाहेर काढला तो लालबुंद होता, आणि ज्या भोकातून काढला तिथून धुराची एक बारीक, पिवळट रेघ बाहेर आली. वास आधी मुकादमाला आला. तो शिट्टी फुंकत पळत सुटला.

बाया टोपल्या टाकून पळाल्या. मी एकेकीचं तोंड बघत होते. आई नव्हती. मग वर बघितलं. आई गंजीच्या शेंड्यावर, पत्र्याच्या जवळ, पाठ करून टोपली भरत होती. रेच्यांच्या आवाजात तिला शिट्टी ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी हाका मारल्या. माझा घसा फाटला. ती टोपली भरत राहिली.

माझे पाय हलले नाहीत. खरं सांगते, जमिनीला चिकटले. मॅडम गेल्या. जी बाई कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची, ती त्या धुमसणाऱ्या गंजीवर हातापायांनी चढली, कापसात मांड्यांपर्यंत रुतत, भाजलेला हात छातीशी धरून. वर पोचल्यावर त्यांनी आईचा पदर मागून ओढला. आईने चिडून वळून पाहिलं. मग दोघी घसरत खाली आल्या, आईची टोपली आईच्या हातात तशीच होती. खाली येऊन आई मला म्हणते, "तू इथं काहून? अन् रडून कायले राह्यली?"

आम्ही फाटकाबाहेर पोचलो तेव्हा मागे भडका उडाला. वाऱ्यासारखा मोठा आवाज झाला आणि शेडचा पत्रा वर उचलला गेला. कापूस गेला, शेड गेली. माणूस एकही गेलं नाही. डबा खांबावर होता. वायर जळेपर्यंत त्याचा दिवा हिरवा होता, धुरातून दिसत होता.

मालकांनी सगळीकडे सांगायचं ठरवलं की रेच्यात दगड आला, ठिणगी पडली. मॅडमनी हाताला पट्टी बांधून जिनिंगमालकासमोर जाऊन सांगितलं, "ती ओळ माझी होती." सेटिंग कोणी बदलली, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी सांगितलं, तिथेच, मालकांच्या देखत, आणि माझी नोकरी त्याच दिवशी संपली. मॅडमनी त्यांची सोडली नाही. जिथे जिथे आमचे डबे होते तिथे तिथे जाऊन सगळे उतरवून आणले, आणि दुरुस्त करून परत लावले. त्या दुरुस्त डब्यांत हिरवा दिवा नुसता लागून राहत नव्हता. आतलं सगळं जिवंत असेल तोवर लुकलुकायचा. लुकलुकणं थांबलं की भोंगा आपोआप वाजायचा, त्याला कर्नलची परवानगी लागत नव्हती. "बरा आहे असं एकदा सांगून भागत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "सारखं सांगत राहावं लागतं. सांगायचं थांबला, की मेला समजून धावत सुटायचं."

सगळे डबे लागल्यावर त्या पुसदला एका कॉलेजात शिकवायला गेल्या. निघताना मला त्यांची स्वतःची कावी देऊन गेल्या. मी पाटीपुऱ्यातच छोटं दुकान टाकलं, आजही आहे.

आणि दरवर्षी जिनिंग सुरू व्हायच्या दिवसांत त्यांचा फोन येत राहिला. आईने कापूस वाहणं कधीच सोडलेलं, तरी यायचा. मी म्हणायची, "आई बरी आहे मॅडम." त्या म्हणायच्या, "तू नको सांगू. आईला फोनवर दे." मग आई फोन कानाला लावून ओरडायची, "मी हाओ वं पोरी! हाओ! जेवली काय तू?" तेवढं ऐकलं की त्या फोन ठेवायच्या. माझ्याशी बोलायच्याच नाहीत. मी आईला म्हणायची, बघ, तुझी भित्री पोरगी, मला साधं कशी आहेस विचारत नाही. आई नुसती हसायची. पुढे मॅडमनी कॉलेज सोडलं, त्या तांड्यावर राहायला गेल्या, तब्येत बरी नसते असं कानावर आलं. पण फोन चुकला नाही.

यंदा जिनिंग सुरू झाल्या. दारव्हा रोडवरून कापसाच्या गाड्या जायला लागल्या, दुकानात पांढरे तंतू उडून येऊ लागले. फोन आला नाही. मी चार दिवस वाट बघितली. काल दुपारी न राहवून मीच लावला. त्यांच्या भाच्याने उचलला.

"आत्या बरी आहे," तो म्हणाला. "झोपली आहे."

मी म्हटलं, "बरी आहे ते ठीक आहे. मॅडमना फोनवर दे."

"झोपली आहे," एवढंच तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. मग तो म्हणाला, "ताई, तुम्ही येऊन जा ना."

मी वळले तर आई दारात उभी होती. चप्पल पायात घातलेली होती, भाकरी फडक्यात बांधलेली होती.

"गाडी काढ," ती म्हणाली.